पहिल्या मोळीचा मान

"मग ठरलं तर! मोळी ओबादिया म्हाताऱ्याच्या हातून," साळुंखे साहेब म्हणाले आणि त्यांनी भडंगाचा बकाणा भरला. "इथला सगळ्यांत जुना माणूस आहे. आपल्याकडं असंच करतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही चहाचा ट्रे खाली ठेवून वाजवल्या.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही, कारण आपली पोरं अजून तिथं नोकरीला आहेत. आफ्रिकेतला देश, एवढं बास. कारखाना मात्र बॉयलरपासून भडंगापर्यंत आपल्या सांगली-कोल्हापूरकडचा. साळुंखे साहेब जनरल मॅनेजर आणि आमचे हे, म्हणजे थोरात, चीफ इंजिनिअर. आपल्याकडं गळीत हंगाम कसा सुरू होतो? ऊस जिथून मिलमध्ये जातो त्या गव्हाणीत पहिली मोळी टाकून. नारळ, हळदकुंकू, तोरण, आणि ज्याला मान द्यायचा त्याच्या हातून मोळी. ह्या मानावरून आपल्याकडं सख्खे चुलतभाऊ बोलायचे बंद होतात. तरी आम्ही शहाणी माणसं परक्या मुलखात तोच मान वाटायला बसलो होतो.

तिथं माणसं दोन तऱ्हेची होती. आम्ही आपापसांत त्यांना नदीवाले आणि डोंगरवाले म्हणायचो. जमीन मुळात नदीवाल्यांची. सरकारनं ती कधीतरी एका सहीत काढून घेतली, ऊस लावला आणि तोडायला डोंगरातनं माणसं आणून वसवली. त्यांच्यासाठी चाळी बांधल्या. आता त्या चाळींत त्यांची नातवंडं खेळत होती. निवडणूक आली की राजधानीतले पुढारी यायचे. नदीवाल्यांना सांगायचे, तुमची जमीन डोंगरवाल्यांनी खाल्ली. तिकडनं चाळीत जायचे आणि सांगायचे, नदीवाले तुम्हाला हाकलणार आहेत. मग सभा संपली की झेंडा फडकवून सगळे मिळून राष्ट्रगीत म्हणायचे.

आणि साखर? ती ट्रकात बसून थेट राजधानीला. कारखान्याच्या दारातल्या दुकानात साखरेचा कण नाही. त्या वर्षी मक्याचं पीठही दुपटीनं महागलं. तेव्हा एक नवल झालं. नदीवाले आणि डोंगरवाले एकत्र गेटासमोर बसले. आठवडाभर हलले नाहीत, शिपाई आले तरी हलले नाहीत. शेवटी सरकारनं घरटी साखर द्यायचं कबूल केलं. असं तिथं पूर्वी कधी झालंच नव्हतं म्हणे. मला तर फार बरं वाटलं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांनी ही मोळी आली, आणि तिच्या पुढच्या महिन्यात निवडणूक.

मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी बालवाडीत तोरण करत होते. झेंडू मिळत नाही तिथं, म्हणून बोगनवेलीची फुलं. मदतीला एस्तेर. ही डोंगरवाल्यांची पोरगी, बालवाडीत माझ्या हाताखाली. तिचा नवरा दानिएल ऊसतोडीचा मुकादम. एस्तेर मला 'मामा' म्हणायची. तिकडं मामा म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून लोळले होते, पण नंतर सवय झाली आणि गोडही वाटायला लागलं.

"मामा, हा हार कुणाला?"

"नदीवाल्यांच्या ओबादिया बाबांना. उद्या पहिला ऊस तेच टाकणार."

एस्तेरचे हात थांबले. "टाकणार म्हणजे? त्यांच्या हातात ऊस कोण देणार?"

"साळुंखे साहेब देतील."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय कोपऱ्यात? मांडव कशाला घातलाय?"

तिनं सुईदोरा खाली ठेवला. मला तिकडची भाषा मोडकीतोडकीच यायची, म्हणून ती मला लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगायला लागली.

"मामा, आमच्यात शेताचं भांडण झालं की पंच गाव गोळा करतात. पिकाचं पहिलं धाट उपटतात आणि सगळ्यांसमोर एकाच्या हातात देतात. ज्याच्या हातात दिलं, त्याची जमीन. मग कोर्ट नाही आणि कागद नाही. नदीवाल्यांत पण हेच आहे. आमची एवढी एकच गोष्ट सारखी आहे."

"अगं पण ही नुसती पूजा आहे!"

"तुमच्यासाठी. उद्या तुमचा साहेब अख्ख्या मुलखासमोर सांगणार, की ही जमीन नदीवाल्यांची. मग दुपारी ते चाळीत येतील. म्हणतील, निघा. आमची पोरं निघणार नाहीत. मग काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे?"

नको होतं सांगायला. शेजारच्या जिल्ह्यात गेल्या निवडणुकीत घरं कशी जाळली ते मी ऐकलं होतं. समोर तिची धाकटी लेक दोन्ही मुठींत बोगनवेल घेऊन उभी होती. मी हातातलं तोरण तसंच टाकलं आणि चपला घातल्या.

हे बॉयलरपाशी होते. "अहो, ती मोळी..." म्हणून मी सांगायला लागले, तर अंगावरच आले.

"तू बालवाडी बघ. मी बॉयलर बघतो."

"बॉयलर पेटायच्या आधी चाळ पेटेल, मग काय बघाल?"

तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली. सगळं ऐकलं, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि मला घेऊन साळुंखे साहेबांच्या ऑफिसात आले.

साळुंखे साहेब हसलेच. "अहो वहिनी, मान दिल्यानं कुठं भांडण होतं होय?"

"तुमच्या गावात बेंदराच्या सणाला पहिला बैल कुणाचा, ह्यावरून डोकी फुटलेली ना? तुम्हीच सांगितलंत."

त्यांचं हसू गेलं. मग त्यांनी जिल्ह्याच्या कमिशनरला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "सर, नाव जरा बदलावं म्हणतो... तुम्हीच टाका ना सर, तुमच्याच शुभहस्ते... नाही सर... तसं नाही सर... बरं." त्यांनी फोन ठेवला.

"नाव बदलायचं नाही म्हणतो."

"का?" ह्यांनी विचारलं.

"म्हणतो, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे." ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "थोरात, खरं सांगू? ओबादियाचं नाव मुळात त्यानंच सुचवलं होतं. गेल्या महिन्यात जेवायला आला तेव्हा. आपल्या मोळीची सगळी चौकशी केली त्यानं, कोण देतं, कुणाच्या हातात देतं. मी मूर्खासारखा खुशीत येऊन सांगत बसलो. आणि आत्ता म्हणतो, गेटावरचे पोलीस उद्या मिळणार नाहीत. दुसरीकडं बंदोबस्त आहे."

मला आधी उमगलंच नाही. ह्यांना उमगलं.

"म्हणजे त्याला मारामारी पाहिजे."

"नदीवाले आणि डोंगरवाले एका गेटावर बसले होते ना? निवडणुकीत पण एकत्र राहिले तर ह्याच्या साहेबांचं राजधानीत काय होईल? म्हणून उद्या त्यांना एकमेकांवर घालायचं. आणि घालणार कोण, तर मी. नारळ फोडून."

"मग रद्द करा!" मी म्हणाले.

"म्हाताऱ्याला बोलावणं जाऊन आठवडा झाला, वहिनी. नदीकाठच्या प्रत्येक गावात सांगितलंय त्यानं. आता दारातून परत पाठवला तर ते आजच पेटतील. आणि रद्द केलं का म्हणून सांगू? कमिशनरचा डाव आहे, म्हणून?"

इकडं आड, तिकडं विहीर. मग मीच म्हणाले, "म्हाताऱ्याकडं जाऊ या. त्यानंच नको म्हटलं तर?"

जीप ह्यांनी चालवली. मागं मी आणि एस्तेर. तिला न्यायचं नव्हतं, पण ती ऐकेचना. म्हणाली, "माझं घर जाणार आहे आणि बोलणार तुम्ही?" मी मनातल्या मनात जोतिबाला हाका मारत होते.

ओबादिया अंगणात दाढी करून घेत बसला होता. अर्ध्या तोंडाला साबण. शेजारी दोरीवर काळा कोट वाळत घातलेला, पाण्याचा हात मारून साफ केलेला. त्याचे तीन मुलगे, तिघेही ताडमाड, भिंतीला टेकून उभे. एस्तेरला बघून त्यांच्यातला एक सरळ झाला. म्हाताऱ्यानं हातानंच त्याला थांबवलं.

मला गोड बोलून विषयावर येणं कधी जमलंच नाही. म्हटलं, "बाबा, उद्या येऊ नका."

त्याचं वस्तरा फिरवणारं नातवंड थांबलं. म्हातारा माझ्याकडं वळला.

"तुझ्या नवऱ्याचा बॉयलर कुठं उभा आहे माहीत आहे? माझ्या बापाच्या शेतात. मी विशीत होतो. शिपाई आले आणि म्हणाले, देशाला साखर पाहिजे. आम्ही म्हटलं, आम्ही पण देशच ना? त्यावर बंदुकीचा दस्ता बसला." त्यानं तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवली. "एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तुमच्या साहेबानं पहिल्यांदा माणूस पाठवून बोलावलं. ते पण माझ्या शेतात. आणि तू म्हणतेस, जाऊ नको?"

खरं होतं त्याचं. ह्यांनी कमिशनरचं सगळं सांगितलं, कुणी नाव सुचवलं, पोलीस का काढले. म्हातारा ऐकत होता. साबण गालावर वाळत चालला होता.

"असेल," तो म्हणाला. "कमिशनर लबाड असेल. म्हणून माझी जमीन माझी नाही असं होतं का?"

"नाही होत," एस्तेर म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "पण मी कुठं जाऊ ते सांगा. माझा जन्म चाळीतला. डोंगरात मला कुणी ओळखत नाही. माझा बाप तुमच्याच मातीत पुरलाय."

"तुझा बाप भला माणूस होता. माझ्याबरोबर मासे धरायला यायचा."

"मग?"

"मग काही नाही. तो भला होता आणि जमीन माझी होती. दोन्ही खरं आहे." त्यानं नातवाला खूण केली आणि दुसरा गाल पुढं केला. "मी उद्या येणार."

परत येताना एस्तेर दातओठ खात रडत होती. मी तिला म्हटलं, पोरींना घेऊन रात्री आमच्या बंगल्यावर झोपायला ये. ती म्हणाली, "माझ्याच पोरी आणू? शेजारणीच्या नको?" खरं सांगते, तेव्हा मला साळुंखे साहेबांचा, कमिशनरचा, त्या देशाचा, सगळ्यांचा संताप आला होता. आणि स्वतःच्या बंगल्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या एका बाजूला नदीवाले, दुसऱ्या बाजूला डोंगरवाले. मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. डोंगरवाल्यांच्या हातात कोयते, आणि त्यात वावगं काही नाही, कारण ते तोडीवरूनच आले होते. नदीवाल्यांच्या हातात काठ्या. पोलीस एकही नाही. स्टेजवर कमिशनर पांढऱ्या बुटांत पाय पसरून बसला होता, जावई मांडवात बसावा तसा. कोपऱ्यात त्याची स्वतःची जीप आणि दोन शिपाई.

हे गव्हाणीपाशी होते. मी बायकांत. एस्तेर माझ्या शेजारी, आणि तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की बांगडी पिचली.

साळुंखे साहेबांनी नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. मोळीला हळदकुंकू वाहिलं. ओबादिया काळ्या कोटात समोर आला. त्यांनी मोळी उचलली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

नदीवाल्यांच्या बाजूनं असा काही आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. समोर डोंगरवाल्यांची पोरं एक पाऊल पुढं सरकली. दानिएलनं दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. कमिशनरनं पाय आत घेतले आणि जरा पुढं वाकून तो बघायला लागला.

म्हातारा हलला नाही. मोळी खांद्याला लावून तसाच उभा. हळूहळू आवाज बंद झाला. मग त्यानं विचारलं, "हा ऊस तोडला कुणी?"

साळुंखे साहेब गडबडले. "कामगारांनी."

"कामगारांना नाव नसतं का?"

"मी तोडला," दानिएल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आज पहाटे. मी आणि माझ्या माणसांनी."

"हं. माती माझी. घाम ह्यांचा." म्हाताऱ्यानं दोन्हीकडं बघितलं. "मग साखर कुणाची? तुझ्या घरात आहे? माझ्या घरात तर गेटावर बसलो तेव्हा आली."

म्हातारा वळला. गव्हाणीकडं न जाता स्टेजच्या पायऱ्या चढला, एकेक, गुडघ्यावर हात ठेवत. कमिशनर उठायच्या आत त्यानं ती हळदकुंकवाची मोळी त्याच्या मांडीवर ठेवली. अगदी जपून, पोर ठेवावं तशी.

"घे," तो मोठ्यानं म्हणाला. "जमीन ह्याची आहे. बघा रे सगळ्यांनी! आमच्यात भांडण कशाला? मालक इथं बसलाय."

मग चाळीतल्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग समोरचा एक नदीवाला. आणि मग अख्खा मांडव, इकडचा आणि तिकडचा, पोट धरून हसायला लागला. कमिशनरच्या पांढऱ्या पँटीवर कुंकू सांडलेलं. मोळी टाकावी तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळणार, धरून ठेवावी तरी कळणार. तो मोळी घेऊन नुसता बसून राहिला. मी पण हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते समजलं नाही.

पण सरकारला हसलेलं चालत नाही. कमिशनर उठला, ऊस लाथेनं उडवला आणि शिपायांना काहीतरी म्हणाला. त्यांनी म्हाताऱ्याला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या आणि जीपकडं चालवला. हसू जिथल्या तिथं गोठलं. तिघे मुलगे धावले, पण शिपायानं बंदूक वर केली तसे थांबले.

माझं मनगट मोकळं झालं. बघते तर एस्तेर जीपसमोर जाऊन उभी! मी ओरडले, "एस्तेर, मागं हो!" कुठली ऐकते.

"बाजूला हो," शिपाई म्हणाला. "तू डोंगरवाली ना? हा म्हातारा तुझा कोण लागतो?"

एस्तेर मागं वळली. तिनं आपल्या माणसांकडं बघितलं, दानिएलकडं बघितलं. 

"आमचा जमीनमालक आहे," ती म्हणाली. "आम्ही ह्यांच्या जमिनीवर राहतो."

डोंगरवाल्यांत कुजबुज झाली. एक म्हातारी कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. जे ऐकायला लागू नये म्हणून एस्तेर रात्रभर जागली होती, ते तिनं आपल्याच तोंडानं म्हटलं होतं.

ओबादिया जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला. शिपायानं ढकललं तरी थांबला.

"पोरी, परत म्हण," तो म्हणाला. "माझ्या मुलांना ऐकू गेलं नाही."

एस्तेरनं परत म्हटलं. ह्या वेळी इतक्या मोठ्यानं, की मिलच्या पत्र्यावरून आवाज परत आला.

म्हाताऱ्यानं मुलांकडं बघून मान डोलावली आणि आत बसला. शिपायानं एस्तेरला खांद्याला धरून बाजूला फेकलं. जीप गेली. आम्ही सगळे धुळीत उभे राहिलो.

दिवस मावळायच्या सुमाराला दोन ट्रक आले. आत परक्या जिल्ह्यातली पोरं, गळ्यात पक्षाचे रुमाल, पायापाशी पेट्रोलचे डबे. नदीवाल्यांची भाषा बोलत होती. "कुठली चाळ? दाखवा," म्हणत होती. आम्ही बंगल्याच्या जाळीतून बघत होतो. ह्यांनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, आठवत नाही.

चाळीच्या तोंडाशी ओबादियाचे तिघे मुलगे उभे होते. त्यांच्या मागं नदीकाठची माणसं, काठ्या घेऊन. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"हटा," ट्रकमधला म्हणाला. "तुमचीच जमीन मोकळी करून द्यायला आलोय."

थोरला मुलगा, तोच जो आदल्या दिवशी एस्तेरला बघून भिंतीपासून सरळ झाला होता, तो दोन पावलं पुढं गेला. "जमीन आमची आहे ना?"

"हो तर!"

"मग आमच्या जमिनीवर कोण राहणार ते आम्ही ठरवू. ही आमची माणसं आहेत. गाडी वळव."

बराच वेळ ट्रकचं इंजिन नुसतं घरघरत राहिलं. मग गाडी वळली आणि तिच्यामागं दुसरीही वळली.

त्या वर्षी कारखाना चालला नाही. सरकारनं कुलूप लावलं आणि उभा ऊस वाळून गेला. महिन्याभरात आम्हाला परत पाठवलं. निवडणुकीत आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत घरं जळाली, माणसं गेली. आमची चाळ जळाली नाही. एस्तेर अजून तिथंच राहते, आता तिची नातवंडं आहेत.

ओबादिया परत आला नाही. मुलांनी चौक्या पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, असा कुणी माणूस आमच्याकडं आलाच नव्हता.